मच्छरदाणीतली खुर्ची

खुर्चीला मच्छरदाणी लावायची कल्पना धम्मरत्नची. दुसऱ्या कोणाला ती सुचली नसती, आणि सुचली असती तरी लाजेखातर त्यानं मनातच ठेवली असती. पण हायवेवर ट्रकबॉडीचं गॅरेज चालवणाऱ्या माणसाला लाज परवडत नाही.

दोष खरं तर हंगामाचा होता. कापसाच्या गाड्या दिवसभर घरापुढून जिनिंगकडे जात होत्या आणि जाताना थोडा थोडा कापूस हवेत सोडून जात होत्या. विजेच्या तारांवर कापूस, अंगणातल्या बोरीवर कापूस, वाळत घातलेल्या चादरींवर कापूस. पांढरकवड्यात या दिवसांत शहाणा माणूस ताकसुद्धा झाकून पितो. आणि नेमक्या अशा दिवसांत धम्मरत्नच्या गॅरेजातल्या फुलसिंग पेंटरनं मालकाच्या वडिलांची, नागोरावांची, सागवानी खुर्ची अंगणाच्या मधोमध ठेवून तिच्यावर स्प्रेगननं लॅकरचे दोन हात मारले आणि चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा खुर्चीला पांढरी दाढी आली होती.

"धम्माभाऊ," फुलसिंग म्हणाला, "आपल्या खुर्चीले तं बोंडं फुटले."

मग पुन्हा काचकागदानं घासणं, पुन्हा पुसणं, पुन्हा लॅकर. या खेपेला धम्मरत्ननं आपल्या पलंगावरची मच्छरदाणी सोडून आणली. तिची दोन टोकं खिडकीच्या गजांना बांधली, एक बोरीला आणि एक बुलेटच्या आरशाला. आत खुर्ची अशी चमकत होती की फुलसिंग जाळीबाहेरून तिच्यात पाहून मिशा नीट करत होता. थिनरच्या वासानं शेजारची कोंबडी सकाळपासून भिंतीला तोंड करून बसली होती.

उद्या नागोरावांचं पुण्यानुमोदन. त्यांना जाऊन वर्ष होत होतं. फोनाफोनी होऊन असं ठरलं होतं की हार घातलेला फोटो त्यांच्याच खुर्चीत ठेवायचा. यावर कोणाचंच दुमत नव्हतं. त्यांच्या मुलांमध्ये दुमत नसलेली ती वर्षातली एकमेव गोष्ट होती, आणि तीही दुपारपर्यंतच टिकली.

दुपारी थोरला संघदीप यवतमाळहून आला. गाडीतून आधी फोटो उतरला, मग त्याची बायको उज्ज्वला, मग तो. फोटो सोनेरी चौकटीतला, मोठा केलेला. त्यात नागोराव होते त्याहून गोरे आणि होते त्याहून बरेच प्रेमळ दिसत होते.

"मच्छरदाणीत कोण आहे?" संघदीपनं विचारलं.

"बाबाची खुर्ची."

"खुर्चीला मच्छर चावतात?"

"कापूस चावते," धम्मरत्न म्हणाला.

संघदीपनं वाकून आत पाहिलं. त्याला आतून स्वतःचाच चेहरा दिसला, जरा रुंद आणि बदामी रंगाचा. त्यानं मान बाहेर काढली.

"ही बाबांची खुर्ची नाही."

"हेच हाय. खालून पाह्य, तुह्यं नाव हाय. नववीत असताना कोरलं होतं अन् मार खाल्ला होता."

"हात काळे होते खुर्चीचे. ते कुठं गेले?"

"काचकागदानं गेले."

"धम्म्या, तो काळेपणा नव्हता. घाम होता बाबांचा. चाळीस वर्षांचा."

"अर्धा घाम होता दादा. अर्धं खोबऱ्याचं तेल होतं. डोक्याले लावून झालं का हात तिथीच पुसे बाबा."

संघदीप यवतमाळात कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होता आणि या खुर्चीवर तो व्याख्यानंही देत असे. व्याख्यान चांगलं होतं, कारण गोष्ट खरी होती. त्याचा आजा आयुष्यभर पाटलाच्या ओसरीखाली उभा राहून बोलला. ओसरीवर खुर्ची होती, आज्याला कधी मिळाली नाही. मग नागोराव लाकडाच्या डेपोत हमालीला लागले, डेपोच्या लिलावातल्या सागवानी फळ्या घेतल्या आणि सुताराला सांगितलं की पाटलाच्या खुर्चीहून वीतभर रुंद कर. ती खुर्ची त्यांनी रस्त्याकडे तोंड करून दारात मांडली आणि मरेपर्यंत त्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलले. शेवटी पाटलाचा नातू ट्रॅक्टरचं काम घेऊन धम्मरत्नकडे यायचा तेव्हा तो उभा असायचा आणि नागोराव बसलेले असायचे. हे सांगताना संघदीप दर वेळी थांबून पाणी प्यायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पण त्यानं यवतमाळच्या नव्या घराच्या हॉलमध्ये एक कोपरा रिकामा ठेवला होता आणि त्या कोपऱ्यावर छतातून एक पिवळा दिवाही सोडून घेतला होता, ही गोष्ट त्यानं अजून कोणाला सांगितली नव्हती. खुर्ची तिथं जाणार होती, आहे तशी, काळ्या हातांसकट, विडीच्या डागासकट. चकचकीत खुर्चीवर पिवळा दिवा म्हणजे सलून.

"इतिहास घासून टाकलास तू," तो म्हणाला. "कोणाला विचारून?"

"ताईले विचारलं. फोनवर हो म्हने."

"ममता? ममतानं मला फोनवर सांगितलं की खुर्चीला हात लावू देणार नाही."

दोघांनी एकदम स्वयंपाकघराकडे पाहिलं.

ममता पिठाचे हात घेऊन दारात आली. ती ढाणकीला दिलेली, मधली. फोनवर कोणाशी भांडायचं नाही हे तिचं तत्त्व होतं. समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणायचं आणि पुढचं प्रत्यक्षात पाहू. या तत्त्वावर तिनं सासर उत्तम सांभाळलं होतं. माहेरी मात्र कधी ना कधी दोन्ही भाऊ एकाच अंगणात भेटायचे आणि सगळा घोळ व्हायचा.

"मी दोघाईले हो म्हनलं," ती म्हणाली. "मंग काय झालं? दोघंबी भाऊच ना माह्ये."

"पण तुला काय वाटतं?"

"मले वाटते, उद्या माह्यी सासू येऊन राह्यली. मांगच्या खेपेले थिनं याच खुर्चीकडं पाहून इचारलं होतं का तुमच्या इथी कोनी लोकाईची दाढी करते का. आता इचारणार नाही."

धम्मरत्न हसला. एकाविरुद्ध दोन झाले होते. संघदीपनं आधारासाठी बायकोकडे पाहिलं, आणि इथं त्याचा दिवस खऱ्या अर्थानं फिरला, कारण उज्ज्वला मच्छरदाणीशी नाक लावून उभी होती.

"खरं सांगू का," उज्ज्वला म्हणाली, "आता शोभेल हॉलमध्ये. ती काळी खुर्ची मला मेली कोपऱ्यात नकोच होती. म्हणजे दिवा तसाच ठेवू, फक्त पांढरा लावू."

"कोनत्या हॉलमध्ये?" ममतानं विचारलं.

"आमच्या. यवतमाळच्या."

"कोनता दिवा?" धम्मरत्ननं विचारलं.

संघदीपनं डोळे मिटून घेतले.

"अस्सं," ममता म्हणाली. तिनं हात झटकले, पीठ उडालं, आणि क्षणात ती धम्मरत्नची बाजू सोडून तिसऱ्याच बाजूला गेली, म्हणजे स्वतःच्या. "मंग माह्यंबी ऐका. तुम्हा दोघाईले घरं भेटले, गॅरेज भेटलं. मले काय भेटलं? खुर्ची ढाणकीले जाईन. आईची तशीच इच्छा हाय."

"आई मले म्हनली का खुर्ची गॅरेजात ठेव," धम्मरत्न म्हणाला. "हापिसात. बाबाले गाड्या पाह्यला आवडे."

"आईची इच्छा आहे की ती आहे तशी जपावी," संघदीप म्हणाला.

"आईंना विचारलं का कोणी?" उज्ज्वलानं विचारलं. तो प्रश्न तिनं कोणावर तरी कुरघोडी करायलाच विचारला होता, पण बरोबर विचारला.

संघदीपनं इकडेतिकडे पाहिलं. फुलसिंगच्या पायाशी थिनरचा डबा होता आणि डब्यावर चिंधी. "फुलसिंग, याच्यानं निघतं ना हे सगळं?"

"निघते ना भाऊ," फुलसिंग उत्साहानं म्हणाला. विचारलेल्याचं उत्तर द्यायचं एवढंच त्याला कळायचं, ते कुठं द्यावं हे कळायचं नाही. "पुरं वाळलं नाही तोवर तं असं निघन, जसं काही मारलंच नव्हतं."

संघदीपनं डबा उचलला. समाजशास्त्राचा चाळिशी उलटलेला प्राध्यापक एका हातात थिनर आणि एका हातात चिंधी घेऊन मच्छरदाणीकडे निघाला, आणि त्याचा धाकटा भाऊ हात पसरून आडवा उभा राहिला.

"दादा, डबा ठेव."

"बाजूला हो."

"माह्यं लॅकर हाय थे."

"माझा बाप आहे तो."

"तुह्या एकट्याचा हाय का? आम्ही काय आठवडी बाजारातून आनले का?"

हे सगळं त्यांची आई कांताबाई दाराच्या आत स्टुलावर बसून ऐकत होती. मांडीवर सूप होतं, सुपात उद्याच्या भाजीच्या तुरीच्या शेंगा. हे स्टूल तिचं. खुर्ची करून उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांचं सुतारानं ते करून दिलं होतं आणि खुर्चीच्या उजव्या बाजूला, जरा मागं, ते चाळीसहून जास्त वर्षं मांडलेलं होतं. त्यावरून रस्ता दिसत नाही. रस्ता पाहायचा तर मान अशी वाकडी करावी लागते आणि मधे खुर्चीचा हात येतो. त्या काळ्या हाताची एकेक रेघ तिला पाठ होती. तिचं पोरगं त्याला इतिहास म्हणत होतं. होता बुवा इतिहास. तिनं तो दर दिवाळीला लिंबाच्या सालीनं घासला होता आणि तो निघाला नव्हता.

वर्षभर तिनं वाट पाहिली होती. कोणीतरी म्हणेल असं तिला वाटत होतं. मोठं काही नको, जाताजाता कोणी म्हटलं असतं तरी चाललं असतं. मुलं आली, गेली, खुर्चीकडे पाहून रडली, तिच्यावर पेपरांचे गठ्ठे ठेवून गेली. उद्या तिच्यात फोटो बसणार होता. माणूस गेला तरी जागा त्याचीच.

तिनं सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली, अंगणात आली, भांडणाऱ्या दोघांच्या बाजूनं गेली, मच्छरदाणीची कड उचलली, वाकून आत शिरली आणि खुर्चीत बसली.

सगळ्यात आधी फुलसिंग ओरडला. "याडी, ओलं हाय ना व." तो तिला आपल्या बोलीत याडीच म्हणायचा, आई म्हणून.

"मालूम हाय मले," कांताबाई म्हणाली. तिनं पाठ टेकली आणि दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवले. हात चांगलेच चिकटले.

"आई, ऊठ," धम्मरत्न म्हणाला. "लुगडं खराब होईन."

"होऊ दे."

"मी सांगतलं होतं याडीले," फुलसिंग सगळ्यांना सांगू लागला. "म्हनलं, उद्यापर्यंत बसू नोको. थे म्हने, तू मार तं खरी. गाडीवानी चमकव म्हने."

बाहेरून एक कापसाची गाडी गेली.

"तू सांगितलंस हे करायला?" संघदीपनं विचारलं. डबा अजून त्याच्या हातात होता.

"मीनंच सांगतलं. धम्म्यानं नुस्तं लॅकर माराले पाठोलं होतं याले. असं घास म्हनलं का थ्याईची वाटली नाही पाह्यजे."

"काहून व आई?" ममता म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"मले बसायचं होतं."

संघदीपनं घसा साफ केला. त्याला समजावून सांगायची सवय होती आणि ती वाईट वेळी उफाळून यायची. "आई, बस ना. कोण नको म्हणतंय. पण बाबांनी ही खुर्ची कशासाठी केली, हे तुला माहीत आहे ना? आजोबांना त्या ओसरीवर..."

"मले सांगतं तू?" कांताबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डेपोतून इथंवर फळ्या कोनं आनल्या? पुढून तुह्या बापाचं डोकं, मांगून माह्यं. तू पोटात होता तवा. फळ्या दोघाईनं आनल्या, बाबू. खुर्ची एकच झाली."

व्याख्यानात फळ्या होत्या. लिलाव होता, सुतार होता, पाटलाचा नातूही होता. फळीचं मागचं टोक कोणाच्या डोक्यावर होतं हे संघदीपनं कधी विचारलं नव्हतं. त्याला लाज वाटली, चांगली सपाटून वाटली, आणि त्या पिवळ्या दिव्याची तर फारच.

"बाबा तुले बसू देत नव्हते काय?" धम्मरत्ननं विचारलं.

"तसं नाही. थे चांगले होते. कधी 'नोको' म्हनले नाही." तिनं जाळीतून रस्त्याकडे पाहिलं. "कधी 'बस' बी म्हनले नाही."

"मंग तूच बसायचं होतं."

"बसली होती ना एक खेप. थे दसऱ्याले दीक्षाभूमीवर गेलते. घरी कोनी नव्हतं. बसली. मस्त रस्ता दिसे. तेवढ्यात समोरची लालीबाई वाटी घेऊन आली अन् मी उठून उभी राह्यली. थे म्हने, काहून उठली व? मले काही सांगताच आलं नाही. मी इचार करून राह्यली अजून, का मी काहून उठली."

ममतानं पदर डोळ्यांना लावला आणि डोळ्यांत पीठ गेलं. उज्ज्वलानं तिला पाणी आणून दिलं. त्या दोघींनी मागच्या आखाजीच्या सणापासून एकमेकींना पाणी विचारलं नव्हतं. संघदीपनं थिनरचा डबा जमिनीवर ठेवला आणि पायानं लांब सरकवला.

"फोटो कुठं ठेवायचा मंग?" धम्मरत्न म्हणाला. त्याला नेहमी कामाचंच सुचायचं, आणि या वेळी सगळ्यांना त्याचं बरं वाटलं.

"माह्या स्टुलावर," कांताबाई म्हणाली. "याच खुर्चीचं लाकूड हाय. चांगलं हाय, पाय हालत नाही. मी बसली ना इतले दिवस. थेबी बसतीन."

उज्ज्वला आधी हसली. मग कोणालाच थांबता आलं नाही, संघदीपलाही नाही. फुलसिंग तर बोरीला धरून हसला, त्यामुळे मच्छरदाणीचं एक टोक सुटून कांताबाईच्या डोक्यावर आलं.

आता प्रश्न तिला उठवायचा होता. फुलसिंगनं जाळीत डोकं घालून पाहणी केली आणि निकाल दिला. "आता उठली तं सालटं निघन सारं. बसली हाय तं वाळेपर्यंत बस याडी. हालू नोको."

म्हणून ती दिवस मावळेपर्यंत बसली. आतूनच तिनं ममताला कढईत मीठ किती घालायचं ते सांगितलं, धम्मरत्नला अंथरायची दरी आणायला विहारात पिटाळलं आणि संघदीपला उरलेल्या शेंगा सोलायला लावल्या. त्यानं ते स्टूल खुर्चीच्या उजवीकडं, जरा मागं ओढून त्यावर बसून सोलल्या. तिथून रस्ता दिसत नाही हे त्याच्या तिसऱ्या शेंगेलाच लक्षात आलं. मान वाकडी करून पाहिली तर मधे खुर्चीचा हात येत होता, आता चकचकीत, आणि त्यावर आईचा हात होता. जाणारीयेणारी माणसं फाटकाशी थांबत होती, मच्छरदाणीतल्या कांताबाईकडे पाहून काय झालं म्हणून विचारत होती.

"काही नाही," ती सांगत होती, "बसली हाय."

ती उठली तेव्हा लुगड्यानं फर्रकन आवाज केला. लॅकर निघालं नाही, पण बैठकीवर सुती लुगड्याची वीण उमटली होती, ताणाबाणा मोजता यावा इतकी साफ, आणि एका बाजूनं काठाची पट्टी. हातांवर तिच्या तळव्यांचे ठसे होते. ते पाहून फुलसिंगच्या जिवाची तगमग झाली. त्याच्या हातून गेलेल्या एकाही ट्रकवर कधी कोणाचं बोट उमटलं नव्हतं.

"घासून अजून एक हात मारतो," तो काचकागद काढत म्हणाला. "काच करून देतो."

"राहू दे," कांताबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली स्टुलावर हार घातलेले नागोराव. वंदनेला सगळे दरीवर बसले, कांताबाईही. वंदना झाली, चार जणांनी आठवणी सांगितल्या. संघदीपनंही सांगितली, फळ्यांचीच. पण या वेळी त्यानं मागच्या टोकापासून सुरुवात केली आणि मधेच अडखळला, कारण हा भाग त्याचा पाठ नव्हता. ममताच्या सासूनं खुर्चीकडे दोनदा पाहिलं आणि काही विचारलं नाही.

मग जेवणं सुरू झाली. कांताबाई भात पाहायला आत गेली होती. झरीहून आलेले सदाशिवराव, नागोरावांचे चुलतभाऊ, हात धुऊन आले आणि सवयीनं सरळ खुर्चीकडे निघाले. नागोराव उठले की त्या खुर्चीत बसायचा मान गेली कित्येक वर्षं त्यांचाच होता, तो त्यांना कोणी दिला होता हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"भाऊजी," आतून आवाज आला, "ओली हाय थे."

सदाशिवरावांनी बोट लावून पाहिलं. बोट कोरडं. "वाळली ना व वहिनी."

"वरून वाळली. आतून ओली हाय."

सदाशिवरावांनी संघदीपकडे पाहिलं. शिकलेला माणूस, तो तरी खरं सांगेल. संघदीपनं खुर्चीजवळ जाऊन वाकून नीट पाहिलं. बैठकीवरची वीण पाहिली, हातांवरचे तळवे पाहिले.

"हो काका," तो म्हणाला, "आतून ओलीच आहे." आणि त्यानं भिंतीशी लावलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांतली एक त्यांच्यासाठी ओढली.

त्यानंतर कापसाचे दोन हंगाम येऊन गेले. कोणी पाहुणा दारातल्या त्या खुर्चीकडे वळला की घरातलं जे कोणी जवळ असेल ते त्याला तेच सांगतं, ती अजून ओली आहे म्हणून.